वादळ ओसरल्यावर



भूगोलाच्या पुस्तकांत वादळाचा पाठ ज्या ठिकाणीं संपतो, त्या ठिकाणापासून आजचा हा पाठ आरंभावयाचा आहे. वादळ कसें उत्पन्न होतें, तें कोणत्या दिशेनें फिरतें, त्याचा नेत्र म्हणजे काय, हें सर्व पुस्तक सांगतें. आणि अखेरीस ‘वादळ जमिनीवर येतांच त्याचा जोर कमी होऊन तें विरून जातें’ असें एक वाक्य लिहून पुढच्या प्रकरणाकडे वळतें. हें वाक्य शास्त्रदृष्ट्या खरें आहे. परंतु ज्या गांवावरून तें वादळ गेलें, त्या गांवाच्या दृष्टीनें तें अर्धेंच खरें होय. आकाशांतला वारा चार-सहा तासांत शांत होतो. पण त्यानें मोडलेल्या संसाराची मोजदाद करावयास महिने लागतात, आणि तो पुन्हा उभा राहावयास वर्षें लागतात. ह्या वर्षांचा हिशेब कसा करावा, आणि तो नीट केला नाहीं तर कोणाचें नुकसान होतें, हा आजच्या पाठाचा विषय आहे. उदाहरण दूरचें कशास घ्यावें? आपल्याच कोंकणच्या किनाऱ्यावर २०२० सालीं आलेलें ‘निसर्ग’ वादळ आपण पुढें ठेवूं.

१. तो एक दिवस

ता. ३१ मे २०२० रोजीं अरबी समुद्रांत हवेच्या कमी दाबाचें एक क्षेत्र तयार झालें. ता. १ जूनला तें अधिक खोल झालें, आणि ता. २ रोजीं त्याचें चक्रीवादळ बनून त्यास ‘निसर्ग’ हें नांव मिळालें. उत्तर हिंदी महासागराच्या वादळांसाठीं १३ देशांनीं मिळून नांवांची जी नवी यादी केली, ती एप्रिल २०२० मध्यें प्रसिद्ध झाली. त्या यादींतील हें पहिलें नांव असून तें बांगला देशानें सुचविलेलें होतें. ता. ३ जून रोजीं दुपारीं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान हें वादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढलें. त्या वेळीं वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर असून मधूनच येणारे झोत १३० किलोमीटरपर्यंत पोहोंचत होते.

हा आंकडा वाचून पुढें जाऊं नका. त्याचा अर्थ समजून घ्या. वारा ज्या जोरानें वस्तूस ढकलतो, तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ३० किलोमीटरचा वारा आपल्या परिचयाचा आहे. त्यानें छत्री उलटी होते, अंगणांतलीं वाळत घातलेलीं वस्त्रें उडतात. ताशीं १२० किलोमीटरचा वारा त्याच्या चौपट वेगाचा; म्हणजे त्याचा रेटा चौपट नव्हे, तर सोळापट होय. शिवाय, वादळाचें केंद्र ज्या गांवावरून जातें, तेथें वारा अगोदर एका दिशेनें वाहतो, मध्यें थोडा वेळ शांतता भासते, आणि मग तो उलट दिशेनें उठतो. पहिल्या रेट्यांत ज्या झाडाचीं मुळें सैल झालेलीं असतात, तें दुसऱ्या रेट्यांत सहज आडवें होतें. मधल्या शांततेला भुलून घराबाहेर पडणें किती धोक्याचें आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, म्हसळें, तळें, रोहें, माणगांव ह्या रायगड जिल्ह्यांतील गांवांना, आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड व दापोली ह्या तालुक्यांना मोठा तडाखा बसला. तरीसुद्धां साऱ्या महाराष्ट्रांत मृत्यूंची संख्या दहाच्या आंत राहिली. हें केवळ दैवानें घडलें नाहीं. हवामान खात्यानें अगोदर सूचना दिली होती. मच्छीमारांना समुद्रावरून परत बोलाविलें होतें. किनाऱ्यालगतच्या हजारों लोकांना शाळांतून व पक्क्या इमारतींतून हलविलें होतें. आणि हें सारें अशा दिवसांत, कीं जेव्हां करोनाच्या सांथीमुळें माणसांनीं एकत्र जमणेंच धोक्याचें झालें होतें.

पूर्वसूचनेचें मोल किती आहे, हें ओडिशाच्या इतिहासावरून स्पष्ट दिसतें. ता. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं त्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळांत सरकारी मोजणीप्रमाणें जवळजवळ दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या आघातानंतर त्या राज्यानें किनाऱ्यावर जागोजाग आश्रयगृहें बांधलीं, गांवोगांवच्या लोकांस शिकवण दिली, सूचना पोहोंचविण्याची व्यवस्था केली. पुढें ता. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं ‘फायलिन’ नांवाचें अत्यंत प्रबळ वादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आलें. त्यापूर्वीं सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित स्थळीं नेलें होतें, आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आंत राहिली. चौदा वर्षांत मनुष्यानें एवढी मजल मारली. प्राण कसे वाचवावे, हा धडा आपण बऱ्याच अंशीं शिकलों. पण प्राण वाचलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरीं परत येतो, तेव्हां त्याच्या पुढें दुसरा धडा उघडलेला असतो. आणि त्यांत आपण अजून कच्चे आहों.

२. आंबा व पोफळ यांतील भेद

अलिबागपासून दापोलीपर्यंतच्या किनाऱ्यावर समुद्राला लागून नारळ-पोफळींच्या वाड्या आहेत. वाडी म्हणजे शेत नव्हे. उंच माड, त्यांच्या खालीं पोफळी, पोफळींवर चढविलेले मिरीचे वेल, सांवलींत वाढणारीं जायफळाचीं झाडें, मधून केळी, बांधाला एखादा फणस किंवा रातांबा, असा तो अनेक मजल्यांचा संसार असतो. श्रीवर्धनची ‘रोठा’ सुपारी प्रसिद्ध आहे, ती ह्याच वाड्यांतली. एका कुटुंबाची वाडी पुष्कळदां दहा-वीस गुंठ्यांचीच असते. पण तेवढ्यावर घरखर्च, मुलांचें शिक्षण व म्हाताऱ्यांचें औषधपाणी चालतें.

आतां वनस्पतिशास्त्राचा एक भाग लक्षांत आणा. आंबा, फणस हीं द्विदल वर्गांतलीं झाडें. त्यांच्या सालीखालीं कॅंबियम नांवाचा एक सजीव थर असतो. तो दरसाल नवें लांकूड घालतो व जखम भरून काढतो. फांदी मोडली तर शेजारून नवे धुमारे फुटतात. म्हणून वादळांत ज्या आंब्याच्या फांद्याच तेवढ्या मोडल्या, त्याच्याविषयीं दोन-चार वर्षांनीं पुन्हा आशा धरतां येते; मुळासकट उन्मळलेल्या आंब्याची गोष्ट अर्थात् निराळी. परंतु माड व पोफळ हीं एकदल वर्गांतलीं झाडें. त्यांच्या खोडांत हा थर नसतो. त्यांस फांद्या नाहींत. साऱ्या झाडाचा वाढणारा कोंब एकच, आणि तो अगदीं शेंड्याला. शेंडा तुटला कीं झाडाचें आयुष्य संपलें; तें उभें दिसलें तरी मेलेलेंच समजावें. पोफळीचें खोड तर मनगटाहून थोडें जाड, आणि उंची दहा-पंधरा मीटर. वाडींत पोफळी जवळ जवळ लावलेल्या असतात. एक आडवी होतांना दुसरीस घेऊन जाते, वरून माड कोसळला तर एकाच वेळीं पांच-सहा पोफळी जमीनदोस्त होतात.

सुपारीचें रोप प्रथम रोपवाटिकेंत वर्ष-दीड वर्ष वाढवावें लागतें. वाडींत लावल्यावर त्यास फळ धरावयास सुमारें सात-आठ वर्षें लागतात, आणि पूर्ण उत्पन्न यावयास त्याहून अधिक. मग मात्र तें झाड चाळीस-पन्नास वर्षें घराला साथ देतें. म्हणजे जी पोफळ ता. ३ जूनला पडली, ती कित्येक ठिकाणीं आजोबांनीं लावलेली होती. २०२० च्या पावसाळ्यांत ज्यानें लगेच नवें रोप लावलें असेल, त्यास फळाची अपेक्षा २०२७-२८ च्या सुमारास करावयाची. वाऱ्याला काम पुरें करावयास दोन तास लागले. मनुष्याला तेंच काम उलटविण्यास आठ वर्षें. आठ वर्षांत पांचवींतला मुलगा बारावी ओलांडून जातो. त्याच्या साऱ्या शिक्षणाचा काळ म्हणजे त्या वाडीच्या मुकेपणाचा काळ होय, हें पालकांनीं विशेषेंकरून ध्यानांत घ्यावें.

३. पहिले आठवडे

वादळ गेल्यावर आकाश निवळलें, पण काळ अनुकूल नव्हता. ता. ११ जूनला नैर्ऋत्य मोसमी पाऊस महाराष्ट्रांत दाखल झाला. घरांवरचीं कौलें फुटलेलीं, पत्रे उडालेले, आणि आठ दिवसांत पावसाळा दारांत उभा. पावसाळ्यासाठीं भरून ठेवलेलें धान्य, सरपण, अंथरूण-पांघरूण, मुलांचीं पुस्तकें हीं सारीं भिजलीं. पत्रे व कौलें यांस एकदम मागणी आली, आणि सांथीच्या निर्बंधांमुळें माल व कारागीर दोन्हीही वेळेवर मिळेनात. अनेक शाळांचींही छपरें उडालीं. शाळा सांथीमुळें बंद होत्या म्हणून मुलांस इजा झाली नाहीं, एवढेंच.

विजेचे खांब व तारा झाडांबरोबर पडल्या. वीज नाहीं म्हणजे केवळ अंधार, असें समजूं नये. विहिरीवरचा पंप चालत नाहीं, म्हणजे प्यावयाचें पाणी नाहीं; दळणाची गिरणी चालत नाहीं; मोबाईलचे मनोरे मुके होतात, म्हणजे गांवाचें दुःख गांवाबाहेर कळतच नाहीं. ज्या गांवाला सर्वांत अधिक मार बसतो, त्याचीच हांक सर्वांत उशिरां ऐकूं येते, हा प्रत्येक वादळांतला अनुभव आहे. वीज मंडळाचे कामगार घाटावरच्या जिल्ह्यांतून आले व चिखलांत, पावसांत त्यांनीं खांब उभे केले. तरी कित्येक दूरच्या वाड्यावस्त्यांना दिव्यासाठीं आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागली.

त्या वर्षीं आणखी एक गोष्ट घडली होती. एरवीं कोंकणांतल्या घरावर संकट आलें तर मुंबईचा चाकरमानी मनीऑर्डर पाठवितो, रजा काढून येतो, छप्पर शाकारून जातो. परंतु सांथीमुळें मुंबईंतलें कामच थांबलें होतें व पुष्कळसे चाकरमानी आधींच गांवीं परतले होते. घराला ज्या दोन हातांचा आधार, त्यांतला एक मुंबईचा पगार व दुसरा वाडीचें उत्पन्न. ते दोन्ही हात एकाच महिन्यांत गळले. आपत्ती एकामागून एक येतात तेव्हां त्यांची बेरीज होत नाहीं, गुणाकार होतो.

४. हिशेबाचें माप

येथें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं पाटी-पेन्सिल घ्यावी. वादळानंतर सरकारनें नुकसानभरपाईचे दर वाढविले. पूर्ण पडलेल्या घरास ९५,१०० रुपयांऐवजीं दीड लाख रुपये, आणि बागायतीस हेक्टरीं ५०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत, असें ठरलें. हेक्टरीं पन्नास हजार हा आंकडा ऐकावयास मोठा वाटतो. आतां दहा गुंठ्यांची एक वाडी घ्या. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. दहा गुंठे म्हणजे सुमारें १,०१० चौरस मीटर, अर्थात् हेक्टरचा दहावा हिस्सा. म्हणजे सारी वाडी पडली तरी मिळावयाचे सुमारें ५,००० रुपये. शास्त्रोक्त पद्धतीनें पोफळी पावणेतीन मीटरांच्या अंतरानें लावल्या, तर तेवढ्या जागेंत सुमारें १४० पोफळी बसतात. त्यांच्या जोडीस दहा माड आहेत असें धरा. दीडशें झाडांना पांच हजार रुपये. म्हणजे एका झाडामागें तेहतीस-चौतीस रुपये. पडलेलें झाड तोडून वाडीबाहेर नेण्याची मजुरीसुद्धां त्यांतून निघत नाहीं.

दोष कोणाच्या हेतूंत नव्हता, मापांत होता. हेक्टर हें माप भातशेतीला व ऊंसाला ठीक आहे. तेथें पीक एक असतें व तें दरसाल नवें येतें. वाडींत जमीन थोडी, झाडें पुष्कळ, जाती अनेक, आणि एकेका झाडाच्या मागें वर्षांचे कष्ट. ही गोष्ट कोंकणांतल्या लोकांनीं आग्रहानें मांडली, आणि पुढें झाडाच्या संख्येवर मदत देण्याचा निर्णय झाला : नारळाच्या झाडास २५० रुपये व सुपारीच्या झाडास ५० रुपये. वरच्याच वाडीचा हिशेब पुन्हा करा. १४० पोफळींचे ७,००० व दहा माडांचे २,५००, मिळून ९,५०० रुपये. वाडी तीच, वादळ तेंच. माप बदलतांच मदत जवळजवळ दुप्पट झाली. तरीसुद्धां आठ वर्षांच्या उत्पन्नापुढें ही रक्कम थोडीच, हें उघड आहे. पण ह्या उदाहरणांतून शिकावयाचें तें असें, कीं नुकसान मोजण्याची पद्धत ही केवळ कचेरींतली बाब नव्हे. कोणतें माप हातीं घेतलें, यावर कोणाचें दुःख कागदावर उमटेल व कोणाचें उमटणार नाहीं, हें ठरतें. म्हणून गणित शिकतांना ‘उत्तर बरोबर आलें का’ एवढेंच विचारूं नका. ‘माप योग्य घेतलें का’ हेंही विचारा.

५. यादींत नांव नसलेले

पंचनामा होतो तो मालकीच्या कागदावरून. कोंकणांत सातबाराच्या उताऱ्यावर पुष्कळदां पणजोबांच्या वारसांचीं पंधरा-वीस नांवें असतात. त्यांतले कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी परदेशीं. कोणी वारले तरी त्यांचें नांव कमी झालेलें नसतें. वाडी राखणारा भाऊ एकटा, पण पैसे मिळावयाचे तर इतरांची संमति हवी. वादळाच्या आधीं ज्यांनीं घरचे कागद नीट केले नव्हते, त्यांना वादळानंतर दुसरें वादळ कचेरीच्या पायऱ्यांवर भेटलें.

आणि ज्यांच्या नांवावर कांहींच नाहीं, त्यांचें काय? पोफळीवर चढून सुपारी उतरविणारा गडी, माडावरून नारळ पाडणारा, घरोघर सुपारी सोलावयास जाणाऱ्या बाया, झावळ्यांचे झाप व हिरांच्या केरसुण्या करून विकणारी म्हातारी, हीं सारीं त्याच झाडांवर जगत होतीं. पण झाड त्यांचें नव्हतें. झाड पडलें तेव्हां मालकाचें नुकसान झालें असें लिहिलें गेलें. त्यांचें काम गेलें, हें कोणत्याही रकान्यांत बसलें नाहीं. मालकाला निदान जमीन उरली. ह्या लोकांना उरले ते रिकामे हात. किनाऱ्यावरचे कोळी बांधव जीव वांचवून परत आले, तरी होड्या आपटून फुटल्या, जाळीं फाटलीं. आणि मासळी वाळविणाऱ्या व डोक्यावर पाटी घेऊन विकणाऱ्या स्त्रियांचा धंदा बुडाला. दिवेआगर, हरिहरेश्वर ह्या ठिकाणीं येणाऱ्या पाहुण्यांवर कित्येक घरें चालत. वाड्यांची शोभा गेल्यानें तेंही उत्पन्न आटलें. गांवाचें नुकसान पाहावयाचें असेल तर पडलेल्या झाडांबरोबर त्या झाडाखालीं उभीं राहणारीं माणसेंही मोजलीं पाहिजेत.

६. पुन्हा लागवड

नवी वाडी उभी करणें म्हणजे रोपें आणून खड्ड्यांत ठेवणें इतकें सोपें नाहीं. प्रथम आडवीं झाडें कापून दूर करावीं लागतात. ओंडके तसेच कुजूं दिले तर माडास घातक असा गेंड्या भुंगा अशा कुजक्या पदार्थांत वाढतो व वांचलेल्या माडांच्या शेंड्यांस पोखरतो. दुसरें असें, कीं मोठीं झाडें गेल्यानें वाडीची सांवली गेली. जायफळासारखें झाड सांवलींत वाढणारें; तें वादळांत उभें राहिलें तरी उघड्या उन्हांत कोमेजूं लागतें. मिरीच्या वेलाला चढावयास पोफळ उरत नाहीं. सुपारीच्या कोंवळ्या रोपालाही कडक ऊन सोसत नाहीं, म्हणून आधीं केळी लावून सांवली करावी लागते. रोपेंही एकदम मिळत नाहींत. श्रीवर्धनला कोंकण कृषि विद्यापीठाचें सुपारी संशोधन केंद्र आहे, पण रोप तयार व्हावयास लागणारा काळ कोणत्याही संशोधन केंद्राला चुकवितां येत नाहीं. मग पहिल्या सात-आठ वर्षांत चूल कशी पेटवावी? ज्यांनीं मोकळ्या झालेल्या जागेंत केळी, भाजीपाला, हळद, सुरण असें लवकर येणारें पीक घेतलें, त्यांना थोडाबहुत आधार मिळतो. रोजगार हमीच्या कामांतून लागवड केली तर मालकाचा खर्च वांचतो आणि ज्यांचें काम गेलें त्यांना मजुरी मिळते. असा दुहेरी उपयोग फार थोड्या योजनांत असतो.

परंतु निसर्ग हा मनुष्याच्या सोयीनें थांबत नाहीं. एक वर्षही पुरें होण्यापूर्वीं, मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ नांवाचें वादळ कोंकण किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलें व ता. १७ मेच्या रात्रीं गुजरातेंत किनाऱ्यावर चढलें. किनाऱ्यापासून दूर राहूनही त्यानें कोंकणांतल्या आंब्यांचें व वाड्यांचें पुन्हा नुकसान केलें. त्यापूर्वीं नोव्हेंबर २००९ मध्यें ‘फयान’ येऊन गेलें होतें. बंगालच्या उपसागराच्या मानानें अरबी समुद्रांत वादळें थोडीं, असें आपण शिकत आलों, व तें आजही खरें आहे. परंतु अरबी समुद्राचें पाणी अलीकडच्या दशकांत तापत चाललें आहे आणि त्यांतील वादळांची संख्या व तीव्रता वाढली आहे, असें शास्त्रज्ञांस आढळून आलें आहे. समुद्राच्या पृष्ठाचें पाणी साडेसव्वीस अंशांहून अधिक ऊन असेल तरच वादळाला खाद्य मिळतें. आणि पावसाळ्यापूर्वीं आपल्या समुद्राचें पाणी तीस अंशांच्या घरांत जातें. सारांश, ‘एकदां आलें, आतां पुन्हा येणार नाहीं’ अशा समजुतीवर कोणीही वाडी लावूं नये.

७. आपलें काम

पालकहो, आणि मित्रहो, हा पाठ केवळ हळहळण्यासाठीं लिहिलेला नाहीं. त्यांतून करावयाचीं कामें पुढें देतों.

पहिलें काम, वाडीची वही. ज्यांच्या घरीं वाडी किंवा बाग आहे, त्यांच्या मुलांनीं एका सुटींत ती मोजावी. कोणत्या जातीचें झाड किती, फळ धरणारीं किती, लहान किती, लागवडीचें साल कोणतें, हें वडीलधाऱ्यांस विचारून लिहावें व दरसाल त्यांत भर घालावी. वडिलांच्या मोबाईलवर छायाचित्रें काढून ठेवावीं. झाड पडून वाहून गेल्यावर ‘येथें झाड होतें’ हें सिद्ध करणें कठीण असतें; वही असली तर निदान बोलावयास आधार राहतो.

दुसरें काम वडिलांचें. सातबाराचा उतारा काढून पाहावा. वारसांच्या नोंदी राहिल्या असतील तर त्या करून घ्याव्या. भावाभावांनीं संमतिपत्राविषयीं चांगल्या दिवसांतच बोलून ठेवावें. संकटांत सापडलेल्या माणसाला भावाच्या सहीसाठीं वणवण करावयास लावणें हें घराण्याला भूषणावह नाहीं.

तिसरें काम गांवाचें. किनाऱ्यावरचा केवडा, खाडींतलें कांदळवन व वाळूच्या टेकड्या ह्या वाऱ्याच्या व लाटांच्या वाटेवर उभ्या असतात. केवळ जागा मोकळी व्हावी म्हणून त्यांचा नाश करूं नये. वाडींत एकच एक जात न लावतां लहानमोठीं, निरनिराळ्या मुळांचीं झाडें लावावीं. एका वाऱ्यानें सर्व उत्पन्न जाऊं नये, हाच त्यांतला हेतु.

चौथें काम आपणां सर्वांचें, आणि तें सर्वांत अवघड. वादळ झालें कीं पहिल्या आठवड्यांत मदतीचा ओघ लागतो. धान्य, वस्त्रें, ताडपत्री येतात. तें योग्यच आहे. पण तिसऱ्या महिन्यांत वर्तमानपत्रें दुसऱ्या विषयांकडे वळतात, आणि तिसऱ्या वर्षीं तर त्या गांवाचें नांवही कोणास आठवत नाहीं. त्याच वर्षीं मुलाची फी, मुलीचें लग्न, आजीचें औषध ह्यांसाठीं वाडींतून कांहींच येत नसतें. ज्याला साहाय्य करावयाचें असेल त्यानें पहिल्या वर्षाबरोबर तिसऱ्या व पांचव्या वर्षाचीही तजवीज मनांत धरावी. पडलेल्या गांवांतल्या एका मुलाचें शिक्षण बारावीपर्यंत चालविणें, हें शंभर ताडपत्र्यांहून कमी मोलाचें नाहीं. कारण वाडी पुन्हा फळ देऊं लागेपर्यंत त्या घराला जो काळ काढावयाचा असतो, तेवढ्याच काळांत त्या मुलाची शाळा पुरी होते; ती मध्येंच सुटली तर मग वाडी बहरली तरी ती वर्षें परत येत नाहींत.

अभ्यास

१. तुमच्या गांवांत किंवा आजोळीं आलेल्या मोठ्या वादळाची किंवा पुराची हकीकत घरांतल्या सर्वांत वयस्क माणसास विचारा. त्या दिवशीं काय झालें हें दहा ओळींत लिहा, आणि पुढच्या पांच वर्षांत घरानें काय केलें हें वीस ओळींत लिहा.

२. बारा गुंठ्यांच्या एका वाडींत १५० पोफळी व १४ माड होते. तीं सर्व झाडें पडलीं. हेक्टरच्या मापानें व झाडांच्या मापानें मिळणारी मदत काढा व दोहोंतील अंतर सांगा.

३. वादळांत शेंडा मोडलेला माड व फांदी मोडलेला आंबा, यांपैकीं कोणता जगेल व कां, हें आकृति काढून स्पष्ट करा.

४. तुमच्या ओळखीच्या एखाद्या बागेवर मालकावांचून आणखी किती माणसांचें पोट चालतें, त्यांच्या कामांची यादी करा. वादळ झालें तर त्यांतल्या कोणाकोणाचें नांव पंचनाम्यांत येईल व कोणाचें येणार नाहीं, हें प्रत्येकापुढें लिहा.